आधी चित्र काढा, फॉर्म्युला कुठे पळून जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत अकरावी-बारावीच्या पोरांसाठी फिजिक्सच्या महत्त्वाच्या सूत्रांचं एक अख्खं पान आलं होतं, रंगीत चौकटी वगैरे, दिसायला एकदम झकास. आमच्याकडे येणाऱ्या पोरांनी ते कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. मी ज्युनियर कॉलेजला २९ वर्षं फिजिक्स शिकवलं, आता रिटायर होऊन कराडला घरच्या पडवीत सात-आठ पोरं घेऊन बसते, फी बी काही नाही, कोणी मेथीची जुडी आणून देतं कोणी नुसतंच हसून जातं. तर सांगायचं म्हणजे ते पान चिकटवल्यापासून त्यांच्यातल्या एकाचंही एक गणित जास्त सुटलेलं नाही. राग मानू नका, चूक तुमची एकट्याची नाही, आम्ही मास्तर लोकांनीच ही सवय लावलीय, पण पेपर घरोघर जातो म्हणून तुम्हालाच लिहितेय.

पोरं गणित कसं सोडवतात ते आधी सांगते. प्रश्न असा की ताशी ५४ किलोमीटरने चाललेली १००० किलोची गाडी ब्रेक मारल्यावर ४ सेकंदात थांबली, तर ब्रेकचं बल किती? प्रश्न वाचून संपायच्या आत पेन चालू, 'दिलेलं' म्हणून यू, व्ही, टी, एम अशी अक्षरं एकाखाली एक मांडली जातात आणि मग मान वर करून मला विचारतात, "मॅडम, यात कुठला लागतो?" म्हणजे मेडिकलवाल्याला लक्षणं सांगून गोळी मागावी तसं. गाडी कुठल्या बाजूला चाललीय, ब्रेकचा जोर कुठल्या बाजूला लागतोय, तो नक्की कोण लावतंय, यातलं काही डोक्यात आलेलंच नसतं, गाडी दिसलेलीच नसते त्यांना.

मग होतं काय, ५४ ला ४ ने भागून त्वरण (वेग दर सेकंदाला किती बदलतो ते) आलं साडेतेरा, त्याला १००० ने गुणलं, १३५०० न्यूटन, खाली दोन रेघा मारून मोकळे. किलोमीटरचे मीटर करायचे राहिले ही चूक कोणाचीही होते, माझीही होते. पण साडेतेरा हा आकडा बघून दचकायला नको का? वरून सोडलेला दगड खाली येतो तो ९.८ ने, आणि ही आपली साधी गाडी दगड पडतो त्याहून जोरात थांबतेय! आतली माणसं काचेतून बाहेर येतील की. डांबरी रस्त्यावर साध्या टायरची पकड एवढी नसतेच, कोरड्या रस्त्यावर ७ च्या आसपास मिळालं तरी खूप. ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर, भागिले ४ म्हणजे ३.७५, आता कसं ओळखीचं वाटतं, सिग्नलला गाडी थांबताना अंग जेवढं पुढे जातं तेवढं. (जाता जाता, पुस्तकातल्या गाड्या कायम ३६, ५४ नाहीतर ७२ नेच का पळतात हे पोरांना कोणी सांगत नाही, पाच अठरांशने गुणल्यावर १०, १५, २० असे गुळगुळीत आकडे यावेत म्हणून! एकदा मी मुद्दाम ४७ दिले तर अख्खी बॅच म्हणाली प्रश्न चुकलाय.)

उत्तर आलं की ते खरं वाटतं का बघायचं, एवढी एकच सवय लागली तर निम्मं काम होईल असं माझं मत आहे. माझ्याकडे पेपरात गाडीचं वस्तुमान २ ग्रॅम आलेलं आहे, धावणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला ४०० मीटर आलेला आहे म्हणजे आवाजाच्याही पुढे, आणि गाडी मायनस चार सेकंदात थांबलेली तर दर वर्षी असते. आता मायनस आला की तो खोडायचाच असंही नाही हं, त्यात कधी कधी गंमत असते. १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सरळ वर सेकंदाला १० मीटरच्या वेगाने फेकला तर जमिनीवर कधी पडेल, जी (पृथ्वीच्या ओढीचं त्वरण) दहा धरा. दोन उत्तरं येतात, ३ सेकंद आणि मायनस १ सेकंद. पोरं मायनस वालं खोडतात आणि पुढे जातात, बरोबरच आहे, प्रश्नाला तेच हवंय. पण मी त्यांना थांबवते की बाबांनो ते मायनस एक काय म्हणतंय ते ऐका तरी, ते म्हणतंय की तुम्ही गच्चीवरून फेकायच्या एक सेकंद आधी जर कोणी खालून जमिनीवरून २० च्या वेगाने चेंडू वर मारला असता तर तो बरोब्बर तुमच्या हाताजवळून १० च्याच वेगाने वर गेला असता. आणि खाली पडताना तुमच्या चेंडूचा वेग किती येतो? २०च. समीकरणाला गच्ची बिच्ची माहीत नसते, त्याला फक्त चेंडूचा रस्ता माहीत असतो, मागचा पण आणि पुढचा पण. हे कळल्यावर एक मुलगी अर्धा तास गप्प बसली होती, मला वाटलं हिला बरं वाटत नाहीये.

आता खरं दुखणं. वर फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती? दहातली आठ पोरं शून्य म्हणतात, कारण चेंडू थांबलाय ना तिथे. अरे पण वेग शून्य आणि त्वरण पण शून्य असेल तर तो तिथेच लटकून राहील की कायमचा, दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा! वर जाताना, वर पोचल्यावर, खाली येताना, पूर्ण वेळ ९.८ च आणि खालच्याच बाजूला. हीच पोरं व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणतील. म्हणजे सूत्र पाठ आहे आणि डोक्यात मात्र जग वेगळंच चालू आहे, तिथे 'हलतंय म्हणजे कोणीतरी ढकलतंय' हा हजारो वर्षांचा जुना समज ठाण मांडून बसलाय आणि न्यूटनसाहेबांनी १६८७ मध्ये सांगितलेलं अजून दाराबाहेरच उभं आहे.

आणि हे फक्त आपल्याच पोरांचं नाही बरं का. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल या कल्पनेवर एक चाचणी छापली, तिच्यात आकडेमोड अजिबात नाही, नुसते साध्या भाषेतले प्रश्न, मोठा ट्रक आणि छोटी गाडी धडकले तर कोण कोणाला जास्त जोराने ढकलतं असले. गणितं फटाफट सोडवणारे कॉलेजचे विद्यार्थी त्यात गडगडले. हार्वर्डचे एरिक मझूर म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांना वाटलं आपले विद्यार्थी कशाला अडखळतील, त्यांनी दिली तसलीच चाचणी, तर एका विद्यार्थिनीने विचारलं की सर उत्तरं तुम्ही शिकवलंय तसं लिहू का मला खरंच वाटतं तसं लिहू. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझाच वर्ग दिसला. (ट्रकचं उत्तर: दोघांनी एकमेकांना लावलेलं बल सारखंच. चेंदामेंदा छोट्या गाडीचा होतो कारण तिचं वस्तुमान कमी, तेवढ्याच बलाने तिचा वेग जास्त बदलतो.)

यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लिफ्ट आणि वजनकाटा. पुण्याला बहिणीच्या सोसायटीत दोन पोरांना घेऊन गेले होते, पिशवीत काट्याचा जुना वजनकाटा, तो काटेवालाच लागतो, डिजिटलवाला एकदा आकडा धरून बसला की हलत नाही. लिफ्टमध्ये काटा ठेवला, त्यावर ५० किलोची पोरगी उभी केली आणि सातवा मजला दाबला. निघताना काटा झटकन ५४-५५ ला गेला, मग सगळे मजले जाईपर्यंत परत ५० वर ढिम्म, आणि थांबताना खाली ४६ वगैरे. दोघांचं पैजेवर ठरलं होतं की वर जातोय म्हणजे पूर्ण वेळ जास्त दाखवणार! मधल्या मजल्यांवर ५० बघून दोघं एकमेकांकडे बघायला लागले. वेगाला बल लागत नाही रे, वेग बदलायला लागतं, हे मी वर्गात किती वर्षं ओरडून सांगितलं असेल, पण त्या काट्याने बारा सेकंदात सांगितलं. त्या दिवसापासून ती पोरगी टेबलाचा किंवा जमिनीचा वर ढकलणारा जोर डोळे झाकून एमजी (म्हणजे वस्तूचं वजन) लिहीत नाही, आधी विचारते की वस्तू वेग बदलतेय का. वॉचमनने मात्र आम्हाला चार फेऱ्यांनंतर बाहेर काढलं.

म्हणून माझा एकच हट्ट असतो, पेन आधी चित्रासाठी उचलायचं. एक वस्तू निवडा, एकच, बाकीचं जग पुसून टाका. मग विचारा हिला शिवतंय कोण कोण? शिवणाऱ्या प्रत्येकाचा एक बाण. आणि न शिवता ओढणारी एक पृथ्वी, तिचा एक बाण. झालं. याहून जास्त बाण नाहीत. एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, तिथे पोरं हमखास पुढच्या बाजूला एक बाण काढतात आणि वर लिहितात 'जडत्वाचे बल'. मी विचारते, हा बाण कोणाचा? कोणी शिवलं तुला मागून? मागच्या सीटवरच्या आजोबांनी ढकललं? मग गप्प. कोणी नाही ढकललं, बस थांबायला लागली आणि तू तुझ्या मूळ वेगाने जात राहिलास, इतकंच.

बैलगाडीचं कोडं तर आमच्या ऊसपट्ट्यात दर वर्षी निघतंच, आणि ते निघालं की मला बरं वाटतं कारण विचारणारं पोरगं खरंच विचार करत असतं. बैल गाडीला ओढतो तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते, न्यूटनचा तिसरा नियम, मग दोन्ही कटून जायला पाहिजेत, गाडी हलतेच कशी? आता इथे सूत्रांचं पान काही कामाचं नाही. चित्र काढा, आणि एकाच वस्तूचं काढा. गाडीचं काढलं तर तिला पुढे ओढतोय बैल, मागे ओढतंय चाकांचं घर्षण, बस, यात बैलाला मागे ओढणारा बाण येतच नाही कारण तो बैलावर आहे, गाडीवर नाही. दोन वेगवेगळ्या वस्तूंवरचे बाण एकमेकांना कापतील कसे, तुझ्या खिशातले शंभर रुपये आणि माझं शंभर रुपयांचं कर्ज कधी कटतं का? आणि बैलाचं चित्र काढलं की अजून एक गंमत दिसते, त्याला पुढे ढकलणारी एकच गोष्ट आहे, जमीन. तो खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे. चिखलात खूर सरकले की बैल तोच, ताकद तीच, गाडी तीच, पण हलत नाही, हे ऊसतोडीला गेलेल्या कुठल्याही पोराने डोळ्यांनी बघितलेलं असतं, फक्त ते फिजिक्स आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

बलाने अडलं की ऊर्जेने बघायचं, ही दुसरी वाट. किती वेळ लागला असं विचारलं असेल तर बल आणि त्वरण बरं पडतं, पण किती उंच, किती लांब, तिथे पोचल्यावर वेग किती असं असेल तर ऊर्जेचा हिशोब मांडा, वाटेतली वळणं-वाकणं बघायला नकोत. पण इथेही पोरं हाफ एमव्ही स्क्वेअर इज इक्वल टू एमजीएच (वेगाची ऊर्जा बरोबर उंचीची ऊर्जा) लिहून मोकळी होतात, घर्षणात किती गेलं, ब्रेकमध्ये किती गेलं हे कोणी विचारत नाही. ऊर्जा म्हणजे बँकेचं पासबुक आहे हो, जमा कुठून झाली आणि खर्च कुठे पडली, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत.

आमच्या शेजारी एक काका आहेत, एसटीत ड्रायव्हर होते, जन्म घाटात गेला. ते नेहमी म्हणतात, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्याला ते जी शिवी देतात ती इथे छापता येणार नाही. मी एकदा त्यांना पडवीत पोरांसमोर बसवलं आणि त्यांच्याच वाक्याचं गणित केलं. २५ टनांचा भरलेला ट्रक, समजा २०० मीटर खाली उतरला. २५००० गुणिले ९.८ गुणिले २००, ४ कोटी ९० लाख ज्यूल. वरती पण तोच वेग खाली पण तोच वेग, म्हणजे गतिज ऊर्जा वाढलेली नाही, मग हे ४ कोटी ९० लाख गेले कुठे? इंजिन ब्रेक नाही लावला तर जवळजवळ सगळे ब्रेकमध्ये, उष्णता बनून. एवढ्या उष्णतेत साध्या नळाच्या पाण्यापासून सुरू करून दीडशे लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल! दीडशे लिटरचा बंब, आणि तो तापवायचा चाकांतल्या चार-सहा ब्रेक-ड्रमनी, काही मिनिटांत. ड्रम तापले की लायनिंगची (ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांची) पकड जाते, पायाखाली ब्रेक असतो पण लागत नाही, आणि ड्रायव्हर बिचारा सांगतो की ब्रेक फेल झाला. लहान गिअरमध्ये उतरलं की हीच उष्णता बरीचशी इंजिनातून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. काका म्हणाले, मला हे आकडे माहीत नव्हते पण जळका वास माहीत होता. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना त्या एस आकाराच्या वळणावर इतके अपघात का झाले हे त्या दिवशी पोरांनीच मला सांगितलं, उतारामुळे वेग आधीच वाढलेला, ब्रेक तापलेला, आणि वळायला लागणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं, वेग दीडपट तर बल सव्वादोनपट.

रेल्वेवाल्यांनी हे केव्हाच ओळखलंय. बोरघाटात कर्जतकडून लोणावळ्याला चढताना ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १००० टनांची गाडी धरली तर तिच्या वजनातला मागे खेचणारा भाग २७ टनांच्या वजनाएवढा होतो, म्हणून तर कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. पुस्तकातला तो उतारावरचा लाकडी ठोकळा, एमजी साइन थीटावाला, तो हाच. आणि उतरताना सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग असते, रूळ बाजूला वळवून चढावर नेलेला, गाडी आपल्याच जोराने चढते आणि थांबते. ताशी ६० ने सुटलेली गाडी थांबवायला घर्षण सोडलं तर साधारण १४ मीटर उंची लागते, आणि बघा, त्या हिशोबात वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडून जातं, मालगाडी असो नाहीतर पॅसेंजर, तेवढीच उंची. वस्तुमान उडालं की पोरं घाबरतात, त्यांना वाटतं काहीतरी चुकलं, दिलेला आकडा वापरलाच नाही.

आता पंपाचं सांगते. पाटणकडचा एक पोरगा येतो, अबोल, शक्तीची (पॉवरची) गणितं म्हटलं की पांढरा पडायचा. एक दिवस सहज विचारलं, विहिरीवर मोटर केवढी रे? तर एकदम तोंड सुटलं, पाचची आहे, पाणी साठ-पासष्ट फुटांवर, व्होल्टेज कधी असतं कधी नसतं, सगळं. म्हटलं चल, पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट, पाणी २० मीटर वर आणायचं, सेकंदाला किती लिटर येईल? त्याने स्वतः मांडलं, एका लिटरला ९.८ गुणिले २० म्हणजे १९६ ज्यूल, ३७३० भागिले १९६, एकोणीस लिटर. आणि तो पेन ठेवून म्हणाला, "मॅडम, खोटं आहे. आमच्याकडे निम्मं पण येत नाही." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा त्याने उत्तर आल्यावर ते खरं आहे का बघितलं होतं. मग आम्ही बसून शोधलं की बाकीचं जातं कुठे, पंपात पाणी घुसळतं, पाइप लांब आहे आणि त्याला तीन कोपरे आहेत, शिवाय वर आलेल्या पाण्याला वेग पण असतो तोही फुकट मिळत नाही. पुढच्या आठवड्यात तो बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मोजून आला, १५ लिटरची बादली दोन सेकंदांच्या आत-बाहेर भरते, म्हणजे सेकंदाला आठेक लिटर. आता त्याच्या वडिलांनी एक कोपरा काढून पाइप सरळ केलाय, फरक किती पडला ते अजून मोजायचंय.

हमालाचं पण लिहायचं होतं, डोक्यावर ४० किलो घेऊन सपाट प्लॅटफॉर्मवर चालला तर त्याने बोज्यावर केलेलं कार्य शून्य, आणि मग पोरं म्हणतात असं असेल तर हमाली कशाला द्यायची. बोज्यावरचं शून्य, त्याच्या स्नायूंना मात्र ऊर्जा जाळावीच लागते, दोन हिशोब वेगळे आहेत, एवढंच सांगून पुढे जाते.

हवेचा विरोध नगण्य माना, हे वाक्य पण समजून वाचायला पाहिजे. दगडाला चालतं. पण एक किलोमीटरवरून पडणाऱ्या पावसाच्या थेंबाला लावून बघा, खाली येईपर्यंत सेकंदाला १४० मीटर, ताशी पाचशेच्या वर! कोयनेच्या पावसात छत्रीची चाळण होईल. खरा मोठा थेंबही सेकंदाला ९ मीटरच्या आसपासच येतो कारण हवा त्याला धरून ठेवते. म्हणजे तो शब्द काही देवाज्ञा नाही, सोय आहे, कुठे चालते कुठे नाही ते बघावं लागतं.

मला माहितीय पालक काय म्हणतील. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, एकाला ५४ सेकंद, चित्रं काढायला वेळ आहे कुठे? अहो चित्राला दहा सेकंद लागतात. एक चौकोन, तीन बाण. वेळ जातो तो चुकीचं सूत्र धरून दोन ओळी लिहिल्यावर, मग खोडून दुसरं धरण्यात. आणि अजून एक, मराठी माध्यमातून आलेलं पोरगं दहावीपर्यंत त्वरण, संवेग, स्थितिज ऊर्जा शिकतं आणि अकरावीत एका रात्रीत ते सगळं ॲक्सिलरेशन, मोमेंटम, पोटेन्शियल होतं, तेव्हा शब्द शोधण्यातच त्याचं निम्मं वर्ष जातं आणि लोक म्हणतात याला फिजिक्स जमत नाही. चित्रातल्या बाणाला भाषा नसते, त्याचा तेवढा तरी आधार होतो.

तर मागणं असं आहे. सूत्रांची पानं बंद करा म्हणत नाही, पण त्या पुरवणीत दर रविवारी अर्धा कॉलम द्या, एकच गणित, आपल्या रस्त्यावरचं, शेतातलं, स्टँडवरचं, आणि उत्तराच्या आधी चित्र छापा. गणितं तुमच्याच पेपरात रोज येतात. अपघाताच्या बातमीत तुमचे वार्ताहर 'भरधाव' लिहितात, भरधाव म्हणजे किती? त्याऐवजी ब्रेकच्या काळ्या खुणा किती मीटर होत्या ते विचारून लिहायला सांगा ना. ४० मीटर खुणा असतील आणि रस्ता ओलसर, त्वरण ५ धरलं, तर दोन गुणिले पाच गुणिले चाळीस म्हणजे चारशे, वर्गमूळ २०, ताशी ७२ (घ्या, पुस्तकातलीच गाडी निघाली). रस्ता कोरडा असेल तर ७ धरा, ताशी ८५ येतात. आणि ही कमीत कमी वेगाची गोष्ट झाली, कारण खुणा संपल्या तिथे गाडी थांबली असं धरलंय, पुढे जाऊन धडकली असेल तर वेग अजून जास्त. हेच उलटं करून वाहनचालकांसाठी पण छापता येईल, ओलसर रस्त्यावर ३० ने चाललात तर ब्रेक लागल्यापासून ७ मीटर, ६० ने २८, ९० ने साडेबासष्ट, शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा, ९० ला त्या एका सेकंदातच २५ मीटर गेलेले असतात.

पहिली चार-पाच गणितं मी लिहून देते, पैसे नकोत. पोरं म्हणतायत चित्रं आम्ही काढतो, त्यातली एक बैल फार चांगला काढते. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा कमी पडली तर लिफ्टचा वॉचमन आणि हमाल कापा, पण ट्रकचा हिशोब कापू नका, शेजारच्या काकांनी तो पेपरात येणार म्हणून स्टँडवर सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आपली,
पडवीतली एक फिजिक्सची बाई, कराड